निवेदिका कोणालाच आवडत नाही, म्हणून तिला गोड करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात डिचोलीजवळच्या एका गावात घडणारी, कुमारवयीन वाचकांसाठीची थरारकथा. सांगणारी तन्वी, वय सतरा, बारावीत. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळतात त्या रात्री, तिचे काका बंद खाणीच्या पाण्यात पडून मरतात. काकांचा मुलगा रोहन, वय एकोणीस, तेव्हा तिथे होता हे तन्वीला ठाऊक आहे. काकांचा मोबाइल तिच्याकडे आहे. पोलिसांकडे जायचं सोडून ती रोहनकडून पैसे उकळते. चाळीस हजार शब्द लिहून झालेत. तिघांनी वाचलं, त्यातल्या दोघांनी तिसऱ्या प्रकरणात सोडलं. एकीने सांगितलं, "मुलगी फार वाईट आहे. हिचं पुढे काय होतं त्याच्याशी मला काय करायचंय?" आता तुम्ही विचारताय की तन्वीला थोडी चांगली करावी का, काळा विनोद निर्दय न वाटता कसा लिहावा, आणि संवादांत कोंकणी किती ठेवावी.

तन्वीला चांगली करू नका. तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्याचे दोन भाग आहेत आणि खरी तक्रार दुसऱ्या भागात आहे. "वाईट आहे" हे तिला सापडलेलं कारण. "मला काय करायचंय" हे खरं दुखणं. वाचक वाईट माणसामागे चारशे पानं जातो, फक्त तो माणूस काहीतरी करत असला पाहिजे. तुम्ही दिलेल्या गोषवाऱ्यात पैसे उकळणं पाचव्या प्रकरणात सुरू होतं. त्याआधीची चार प्रकरणं तन्वी काय करते? काकूला, वर्गातल्या मुलींना, गावाला, सरांना नावं ठेवते. म्हणजे वाचकाला तिचा वाईटपणा पहिल्या पानापासून मिळतो आणि तिचा उद्योग साठाव्या पानावर. मधली जागा नुसत्या मतांनी भरली आहे. तिथे माणसं उठून गेली.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करते. तुमचा वाचक तेरा वर्षांचा आहे की सतरा, यावर मृत्यूचं वर्णन किती उघडं ठेवायचं ते ठरेल. पुस्तक शाळांच्या वाचनालयांत जावं असं प्रकाशकाला वाटत असेल तर शिव्यांवर वाद होईल, आणि तो वाद हस्तलिखित देण्याआधीच करून घेतलेला बरा. पण निवेदिका वाचवण्याचं तंत्र दोन्हीकडे एकच.

आधी एक तपासणी करा. पहिली तीन प्रकरणं कागदावर छापून घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. तन्वी कोणाबद्दल मत देते ती वाक्यं लाल. ती काही पाहते, ऐकते, हुंगते ती निळी. ती काही उचलते, लपवते, विचारते, खोटं बोलते ती हिरवी. अशा निवेदकांच्या पहिल्या खर्ड्यात पानंच्या पानं लाल होतात. ज्या लाल वाक्याच्या आजूबाजूला निळं नाही ते काढा, नाहीतर त्याला निळं मिळवून द्या. "काकू ढोंगी आहे" हे लाल. "काकू रडता रडता कोपराने फ्रिजचं दार लावून घेते" हे निळं. पहिल्या वाक्यात वाचकाला तन्वीवर विश्वास ठेवावा लागतो आणि तो ठेवायला तयार नसतो. दुसऱ्यात त्याला स्वतःला दिसतं, हसू येतं, आणि काकू खरंच ढोंगी आहे की दार लावणं ही तिची साधी सवय, हेही तोच ठरवतो. नावडत्या निवेदकाजवळ वाचक थांबतो तो त्याच्या नजरेसाठी. तन्वीची नजर अचूक असली पाहिजे. तिचे निष्कर्ष चुकले तरी चालतील, किंबहुना चुकलेच पाहिजेत.

दुसरं, तिला काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते आकड्यात आणि तारखेत हवं. "पैसे हवेत" हे पुरेसं नाही. गोव्याबाहेरच्या निवासी क्रॅश कोर्सची फी ६२ हजार, शेवटची तारीख २० नोव्हेंबर, असं लिहा. आता प्रत्येक प्रसंगाला हिशेब लागतो: आज किती जमले, किती दिवस उरले. त्यामागचं घरही त्याच हिशेबात येऊ द्या. डिचोलीच्या पट्ट्यात हे शोधायला लांब जावं लागत नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींची लीजं रद्द झाली आणि पुन्हा थांबल्या. खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेले ट्रक, म्हणजे टिपर, कित्येक घरांसमोर गंजत पडले. तन्वीच्या वडिलांचा एक टिपर अंगणात असेल तर ती त्याच्या आडोशाला वाढली आहे. पण हे तिच्या वागण्याची सबब म्हणून मांडू नका. "आमचे वाईट दिवस आले म्हणून मी अशी झाले" असं एक वाक्य आलं की पुस्तक बसतं. तिला फक्त टायरांची किंमत माहीत असू दे, भंगारवाल्याने सांगितलेली.

निवेदिका आवडावी म्हणून लोक कुत्र्याचं पिल्लू वाचवण्याचा प्रसंग घालतात, आई लहानपणी वारल्याचं सांगतात, आजारी आजीचे पाय चेपायला लावतात. कृपा करून यातलं काही करू नका. सतरा वर्षांच्या वाचकाला लेखकाची मनधरणी लगेच कळते. त्यापेक्षा तन्वीला ओळखणारं एक माणूस कथेत ठेवा. हे तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. सांगणारी व्यक्ती वाईट असते तेव्हा वाचकाला एकच भीती असते, की लेखकालाही हे सगळं बरोबर वाटतंय की काय. तन्वीपेक्षा जास्त पाहणारं कोणीतरी पानावर आलं की ती भीती जाते आणि मग वाचक तिच्याबरोबर कुठेही येतो.

तुमच्याकडे ते माणूस आधीच आहे: काकू. तन्वी तिला बावळट समजते आणि तुम्हीही तिला तसंच लिहिलंय. काकूला चौथ्या प्रकरणापासून सगळं कळू द्या, फक्त तन्वीला ते कळू देऊ नका. हे कसं करायचं ते एका वस्तूवर दाखवते. काकांचा मोबाइल जुना, त्याची चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची. तन्वीच्या फोनची नवी. मोबाइल तिने उचलला तेव्हा बॅटरी संपत आली होती. दोन दिवसांनी तिला तो चालू करायचाय, म्हणून ती काकूकडे "तो जुना चार्जर आहे का गो?" असं सहज विचारते. काकू देते. इथे एकही मत नको. पुढे तन्वी हुशारी करून आधी सिम काढते, कारण सिमसकट फोन चालू झाला की टॉवरवर नोंद होते हे तिला ठाऊक आहे. पण घर एकत्र आहे, वायफाय एकच आहे, आणि काकांच्या फोनला त्याचा पासवर्ड आधीपासून माहीत आहे. सिम नसतानाही व्हॉट्सॲप वायफायवर चालतं. काकू तीन दिवस बेपत्ता नवऱ्याला निरोप पाठवतेय, प्रत्येकावर एकच टिक. दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात बसलेल्या काकूच्या डोळ्यांदेखत त्या सगळ्या टिका दोन होतात.

तन्वी हे सांगू शकत नाही, कारण ती माडीवर आहे. ती फक्त इतकंच सांगेल की आपण खाली आलो तेव्हा काकू पेज निवत ठेवून मोबाइलकडे बघत बसली होती, आणि तिने पहिल्यांदाच "जेवलीस का" असं विचारलं नाही. हुशार वाचक इथे थांबेल. बाकीच्यांना आठव्या प्रकरणात काकूने चार्जर परत मागितला की कळेल. थरार म्हणतात तो हाच, आणि यासाठी तन्वीचा स्वभाव तसूभरही बदलावा लागला नाही.

आता भाषेकडे वळते, कारण मराठीत खोटं बोलणाऱ्या निवेदकासाठी व्याकरणातच मोठी सोय आहे आणि फार थोडे लेखक ती वापरतात. आपल्याकडे जबाबदारी झटकायला क्रियापद पुरतं. "मी मोबाइल पाडला" आणि "मोबाइल पडला". "मी दार उघडं ठेवलं" आणि "दार उघडं राहिलं". "माझ्याकडून बोललं गेलं." "मला खोटं बोलावं लागलं." शिवाय "म्हणे" आहे: "रोहन म्हणे तेव्हा झोपला होता." एका शब्दात ऐकीव माहिती, शंका आणि तिरस्कार. तन्वी त्या रात्रीबद्दल बोलते तेव्हा पहिल्या दहा प्रकरणांत तिला सकर्मक क्रियापद वापरूच देऊ नका. मोबाइल सापडला. अंधार होता. पाय घसरला म्हणे. मग शेवटाकडे तोच प्रसंग पुन्हा येईल तेव्हा: मी उचलला. मी बंद केला. मी पाहत राहिले. कथानकात नवीन काहीच घडलेलं नाही, पण वाचकाच्या पोटात गोळा येतो.

यात एक शिस्त पाळा. तन्वीने दुसऱ्यांशी हवं तितकं खोटं बोलावं, वाचकापासून लपवावं, अर्धं सांगावं. पण वाचकाला सरळ खोटी घटना सांगू नये. "मी त्या रात्री खाणीकडे गेलेच नाही" असं तिने वाचकाला सांगितलं आणि नंतर ते फिरवलं, तर ती फसवणूक ठरते. "मी दीडला घरी होते" हे खरं असू शकतं, कारण खाणीवर ती अडीचला होती. लपवलेल्या प्रत्येक गोष्टीचे निदान तीन माग आधी सोडा, आणि त्यातला एक हमखास विनोदात दडवा. हसताना माणूस सावध नसतो.

आदरार्थी बहुवचनही असंच हत्यार आहे. सगळं घर "काका गेले" म्हणतंय आणि तन्वी वाचकाशी बोलताना "काका गेला" म्हणते, तर एका मात्रेएवढ्या फरकात तिचं नातं कळतं. पण ते एकदा ठरवलं की पुस्तकभर पाळा. एका पानावर आला, दुसऱ्यावर आले, असं झालं तर वाचक ती छपाईची चूक समजेल.

काळ्या विनोदाबद्दल. प्रेत विनोदी नसतं. प्रेताभोवतीची जिवंत माणसं आपापल्या नीटनेटक्या सवयी सोडत नाहीत, विनोद तिथे असतो. तुमच्या कथेत यासाठी सोन्यासारखा प्रसंग आहे आणि तुम्ही तो लिहिलेलाच नाही: भाऊबीज. रोहन तन्वीचा चुलतभाऊ. ती त्याला ओवाळणार, तो तिला पाकीट देणार, आणि त्या पाकिटात उकळलेल्या पैशांचा पहिला हप्ता. घरातली मोठी माणसं कौतुकाने बघतायत, कोणीतरी म्हणतंय की रोहन यंदा शहाणा झाला. तन्वी आरतीचं तबक धरून पाकिटाची जाडी अंगठ्याने चाचपते. रोहनच्या कपाळावर कुंकू टेकवताना त्याला घाम आलेला तिला लागतो.

पण यासाठी तुमचा कालक्रम दुरुस्त करावा लागेल. खर्ड्यात प्रेत दुसऱ्याच दिवशी तरंगतं. मग घराला सुतक लागलं आणि भाऊबीज गेली. नरकासुर जळतो नरकचतुर्दशीच्या पहाटे. त्यानंतर अमावास्या, पाडवा, बीज. तिथ्या ओळीने आल्या तर भाऊबीज चौथा दिवस. उष्ण हवेत उथळ पाण्यात बुडालेलं शरीर साधारण दोन-तीन दिवसांत वर येतं, कारण आत वायू साठतो. पाणी खोल आणि तळाशी थंड असेल तर जास्त वेळ लागतो. पावसाळा संपून भरलेला खाणीचा खंदक खोलच असतो, तेव्हा प्रेत भाऊबिजेच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वर येणं सहज पटतं. तोपर्यंत काका फक्त बेपत्ता आहेत. काकूने हट्टाने भाऊबीज करायला लावली पाहिजे: दिवा लावला नाही तर अशुभ, आणि नवरा दोन दिवसांत येईलच. तिचा हा हट्ट वाचकाला हसवेलही आणि टोचेलही. टिका दोन झालेली दुपार आदल्या दिवशीची, म्हणजे पाडव्याची ठेवलीत तर ओवाळणीच्या वेळी काकू नेमकं कोणाकडे बघतेय हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

नरकासुराची रात्र तुम्ही एका परिच्छेदात उरकली आहे, तीही फुलवा. सगळ्या गावची मुलं रात्रभर बाहेर, स्पीकरच्या भिंती, कागद आणि गवताने भरलेला पंधरा फुटी राक्षस, पहाटे त्याला आग. अख्ख्या गावाला "मी नरकासुराकडे होतो" ही एकच साक्ष, आणि ती कोणाचीच तपासता येत नाही. सकाळी तुळशीपुढे कारीट अंगठ्याखाली फोडायचं, त्याची कडू बी जिभेला लावायची, मग पाच तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे. तन्वी त्या सकाळी कारीट फोडते तेव्हा तिला काय माहीत आहे आणि वाचकाला काय माहीत आहे, यातलं अंतर मोजून लिहा.

वाक्याच्या पातळीवर एक अडचण मराठीची स्वतःची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे धक्का देणारा शब्द मधेच येऊन जातो आणि "होतं", "आहे" असल्या मऊ शेपटीने वाक्य संपतं. उपाय म्हणजे धक्का वेगळ्या, क्रियापद नसलेल्या तुकड्यात टाकणं. "नरकासुराच्या रात्रीपर्यंत काकांना उत्तम पोहता येत होतं" हे फसलेलं वाक्य. "काकांना उत्तम पोहता येत होतं. नरकासुराच्या रात्रीपर्यंत." हे चालतं. पण ही युक्ती प्रकरणात एकदाच. दोनदा आली की लकब होते. उद्गारचिन्हं सगळी काढा, आणि "ती उपरोधाने म्हणाली" मधलं "उपरोधाने"सुद्धा.

तन्वी कोणाची टर उडवते याकडे कडक लक्ष ठेवा. वर बघून हसली तर वाचक बरोबर येतो: जमिनीचा मालक भाटकार, सरपंच, क्लासवाले, दुखवट्याला आलेले पाहुणे. खाली बघून हसली, म्हणजे बाहेरून आलेला मजूर, भाटकाराच्या जागेत राहणाऱ्या मुंडकाराच्या घरातली मुलगी, अडखळत बोलणारा मुलगा, तर त्या हसण्याची किंमत त्याच प्रकरणात तिला मोजायला लावा. तिने ज्याला हसलं त्यानेच खाणीजवळ तिला पाहिलेलं असणं, हा एक साधा मार्ग. आणि प्रत्येक विनोदी प्रसंगानंतर काकांच्या माणूसपणाची एक वस्तू ठेवा: पडवीतल्या चपला, अर्धी भरलेली शब्दकोड्याची पुरवणी. एकच, विशेषण न लावता.

आता गुन्ह्याची यंत्रणा. इथे तुमच्या खर्ड्यातल्या चुका कथेच्या मुळावर येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तन्वीला बेड्या घालून कोठडीत टाकल्याचा प्रसंग काढून टाका. ती सतरा वर्षांची आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अठराच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. तिच्याशी बोलणारा अधिकारी साध्या कपड्यांत हवा, आणि चोवीस तासांत तिला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. ठेवायचंच झालं तर मेरशीच्या 'अपना घर' या मुलांच्या निरीक्षणगृहासारख्या ठिकाणी. सोळा ते अठरा वयातल्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही याची प्राथमिक तपासणी फक्त निर्घृण गुन्ह्यात होते, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे अशा. तन्वीने केलंय ते पुरावा दडवणं आणि खंडणी, म्हणजे भारतीय न्याय संहितेची २३८ आणि ३०८ ही कलमं. ते या वर्गात बसत नाही. रोहन एकोणीस वर्षांचा, त्याला यातलं कुठलंच संरक्षण नाही. दोघांच्या वयातलं हे दोन वर्षांचं अंतर तुमच्या कथेचं इंजिन होऊ शकतं. तन्वीला ते माहीत असू द्या आणि तिने ते रोहनला थंडपणे समजावून सांगू द्या. तिचा वाढदिवस २५ नोव्हेंबरला टाकलात तर कोर्सच्या फीच्या जोडीला दुसरं घड्याळ चालू होतं. मात्र वय मोजतात ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. तन्वीला हे चुकीचं माहीत असलं, आणि वाढदिवसाआधी सगळं उरकायच्या घाईत तिने मोठी चूक केली, तर ती चूक तिच्या अर्धवट हुशारीतून आलेली असेल.

त्याच कायद्यातलं ७४वं कलम तिचं नाव, शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई करतं. जी मुलगी सगळ्या गावाला तुच्छ समजते, तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घटनेची बातमी "डिचोली तालुक्यातील अल्पवयीन मुलगी" एवढ्यावर संपते. हे तिला किती लागेल ते लिहा.

कोठडीच्या जागी काय ठेवाल? साध्या ड्रेसमधली महिला उपनिरीक्षक, घरी आलेली, खुर्चीवर न बसता पायरीवर बसलेली, आवाज न चढवणारी. तन्वीची सगळी तयारी दरडावणाऱ्या पोलिसासाठी होती.

प्रेताचं सांगायचं तर अग्निशामक दल बाहेर काढणार, पोलीस पंचनामा करणार, शवचिकित्सा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. अहवालात लगेच "खून" येत नाही. बुडून मृत्यू एवढंच कळतं, आणि कधीकधी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवून मत पुढे ढकलतात. कोणी ढकललं हे डॉक्टर सांगू शकत नाही. म्हणून साक्ष आणि मोबाइल महत्त्वाचे ठरतात. टॉवरच्या नोंदीवरून घर सापडत नाही, एक टॉवर मोठा परिसर व्यापतो. तेव्हा "पोलिसांनी लोकेशन काढलं आणि थेट तिच्या खोलीत आले" हेही काढा. वायफायवरून काकू पोचते, पोलीस नाही. हे मला कथेसाठी कितीतरी चांगलं वाटतं.

हेतू मात्र मुळातच बदलावा लागेल. काकांनी मृत्युपत्रात सगळी मालमत्ता एका परक्या माणसाला दिली म्हणून रोहन चिडला, असं तुम्ही लिहिलंय. गोव्यात हे होऊच शकत नाही. इथे पोर्तुगीज काळापासून आलेला समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. घर-जमीन ८० लाखांची धरली तर त्यातले ४० लाख काकूचेच. काकांच्या ४० पैकी निम्म्यावर, म्हणजे २० लाखांवर, मुलांचा हक्क मृत्युपत्राने तोडता येत नाही, आणि मुलगा-मुलगी समान. काका फार तर उरलेले २० कोणाला देऊ शकतात. मग भांडण कशावरून? सहीवरून. घर विकायला काका आणि काकू दोघांच्या सह्या लागतात. रोहनने घर विकत घेणाऱ्याकडून आधीच विसार घेतलाय, काका सही देत नाहीत. हे मृत्युपत्रापेक्षा साधं आहे, एकोणीस वर्षांच्या मुलाला शोभणारं आहे, आणि यात काकूची सही उरते. काका गेल्यावरही रोहनचं काम तिच्यावाचून अडतं. पुढचा धोका कोणाला, हे वाचकाला न सांगता कळतं.

कोंकणीबद्दल. घरात कोंकणी आणि वाचन मराठीत, हे गोव्यातल्या कित्येक हिंदू घरांचं रोजचं वास्तव आहे, त्याबद्दल खुलासा देत बसू नका. तन्वी प्राथमिक शाळा मराठीत शिकली, पाचवीपासून इंग्रजी. तिचं मराठी शाळेतलं, वर्तमानपत्रातलं आणि देवळातल्या नाटकांतलं. म्हणून ती घरच्या गोष्टींनाही बातमीतले शब्द लावेल, "अज्ञात इसम", "सदर घटना". हाच तिचा खास आवाज, तो वाढवा. सध्या ती पुण्याच्या मुलीसारखी बोलते.

संवादांत पानाला दोन-तीन कोंकणी वाक्यं पुरे, आणि ती अशी की आधीच्या कृतीवरून अर्थ लागावा. "खंय गेल्लें गो तूं?" हे दारात उभ्या काकूच्या तोंडी आलं तर सांगलीच्या वाचकालाही कळतं. कंस, तळटीप नको. "मरे" प्रत्येक वाक्याला चिकटवू नका. तो वापरणारं एखादंच पात्र ठेवा.

या वाक्यातलं "गेल्लें" मात्र नीट जपा. कोंकणीत लग्न न झालेल्या मुलीला नपुंसकलिंग लावतात. घरातले सगळे तन्वीला "तें" म्हणतात: "तें पळय कशें बसलां." तन्वी मराठीत स्वतःला "मी गेले, मी आले" म्हणते, स्त्रीलिंगात, मोठ्या बाईसारखं. घर तिला अजून "तें" समजतं. त्या "तें"वर तिने संशयापासून कितीदा सुटका करून घेतली हे मोजा, आणि ज्या दिवशी काकू तिला पहिल्यांदा "ती" म्हणेल तो दिवस कुठल्या प्रकरणात येतो हे आधी ठरवून ठेवा.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. पंचेचाळीस ते पन्नास हजार शब्द, प्रकरण बाराशे ते अठराशेचं, चालेल. पैसे उकळण्याची पहिली मागणी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आणा. पहिल्या चार प्रकरणांतलं सुमारे निम्मं यात जाईल, ते जाऊ द्या. नवा खर्डा नव्या वाचकांना द्या आणि "आवडला का" विचारू नका. कुठल्या पानावर कंटाळून स्वतःचा मोबाइल बघितलात, एवढंच विचारा आणि ते पान लिहून घ्या. तिघांचं पान जवळपास एकच आलं तर तिथे पुन्हा लाल पेन्सिल घेऊन बसा.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण खर्ड्यात तन्वी शेवटच्या दोन पानांत रडून सगळं कबूल करते असं लिहिलंय. तिला रडवू नका. ६२ हजार तिच्याकडे जमलेले असू द्या, कोर्सची जागाही मिळालेली असू द्या, आणि जबाब द्यायला काकू तिच्याआधी जाऊन आलेली असू द्या. काकूने तिथे तन्वीबद्दल काय सांगितलं हे तन्वीला कळत नाही. बॅग भरताना तिला तळाशी जुन्या पिनचा चार्जर सापडतो, नीट गुंडाळून, रबर लावून ठेवलेला. तो तिने ठेवलेला नाही.